ओवाळणीतलं ग्राफिक्स कार्ड

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर भावाने ताटात पाकीट ठेवलं नाही. पिशवीतून एक खोकं काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं. आत चंदेरी पिशवीत गुंडाळलेलं त्याचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पीसीचं चित्र काढणारं कार्ड, होतं, आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. पुण्यात त्याने स्वतःसाठी पुढचं घेतलं होतं. "ताई, तू अजून त्या ७५० टीआयवर खेळतेस, मला बघवत नाही," म्हणाला. आईला काय ते कळलं नाही, पण त्याचा चेहरा बघून तिने ते खोकं आधी देवासमोर ठेवलं आणि मग माझ्या हातात दिलं.

मी सांगलीत एका ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपी करते. दिवसभर लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं. रात्री जेवणं उरकली की वरच्या खोलीत तासभर स्कायरिम. हा गेम ११ नोव्हेंबर २०११ला आला. मी खेळते ती त्याची २०१६मध्ये निघालेली स्पेशल एडिशन. लढाया मला फारशा जमत नाहीत आणि त्यांची ओढही नाही. मला त्यात चालायला आवडतं. व्हाइटरन नावाच्या गावात माझं एक छोटं घर आहे, ब्रीझहोम. तिथे मी गेली काही वर्षं पुस्तकं जमवतेय. या गेममध्ये पुस्तक उचलता येतं, उघडून वाचता येतं आणि परत कपाटात ठेवता येतं. टेबलावर ताटल्या, एक सुरई, चार सफरचंदं मी हाताने मांडून ठेवली होती. या घराचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

जुनं कार्ड जीटीएक्स ७५० टीआय, २ जीबीचं. त्याची एक गोष्ट मला फार आवडायची: त्याला वेगळी वायर लागत नसे. मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते आणि त्या कार्डाचं सगळं भागायचं ६० वॅटमध्ये. नव्या कार्डाला १७० वॅट लागतात, म्हणजे एसएमपीएसमधून, पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, आठ पिनांची वायर आलीच. माझा जुना एसएमपीएस ४५० वॅटचा आणि साध्यातला होता. तो बदलून ५५० वॅटचा घेतला. हातासरशी ८ जीबीच्या दोन नव्या रॅम घेतल्या. आणि बरेच दिवस मनात होता तो २७ इंची मॉनिटरही घेतला, २५६० बाय १४४०चा, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. प्रेसमधला दिवाळी बोनस त्यात गेला, पण त्याचं दुःख नाही, कारण घरी आणलेली कामंही मी याच पीसीवर करते.

भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेला. बसवायचं काम मी एकटीनेच केलं.

पहिल्या रात्री स्क्रीन आली, पण सगळं ढोबळ, अक्षरं बोटभर जाड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर' असं लिहिलेलं. याचं कारण लगेच लक्षात आलं. माझा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड ओळखून चालवता येण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर, २०१९चा होता आणि ३०६० बाजारात आलं २०२१मध्ये. ज्या ड्रायव्हरच्या वेळी कार्डच जन्माला आलं नव्हतं, तो त्याला ओळखणार कसा? नेटची वायर काढली, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर मुळापासून काढला आणि आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलेला नवा टाकला. नेटची वायर काढायची अशासाठी की नाहीतर विंडोज मधल्या मध्ये स्वतःच शोधून एखादा ड्रायव्हर बसवून टाकतं. पुन्हा चालू केल्यावर कार्डाचं नाव नीट दिसलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

मग स्कायरिम उघडलं.

लाँचर, म्हणजे गेमच्या आधी उघडणारा सेटिंगचा प्रोग्रॅम, उघडताना एक खिडकी आली: तुमचं व्हिडिओ हार्डवेअर तपासून त्याप्रमाणे सेटिंग ठरवतो आहे. पुढची खिडकी: अल्ट्रा, म्हणजे सगळ्यात वरचा, दर्जा लावला आहे. मला इतका आनंद झाला की आईला हाक मारून वर बोलावलं. गेम सुरू झाला, व्हाइटरनचा दरवाजा उघडला आणि चित्र जुन्या कार्डावर होतं त्याहून वाईट. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो घेऊन येतं आणि फ्लेक्सवर मोठा करून मागतं, तेव्हा आम्ही म्हणतो 'फोटो फाटतोय'. तसंच सगळं गाव फाटलेलं होतं. भिंतींच्या कडा पायरीपायरीच्या, सावल्या म्हणजे काळे चौकोन, गवत नाहीच. आई म्हणाली, "छान आहे की गं," आणि खाली गेली. मी तशीच बसून राहिले.

गेम बंद करून लाँचरमध्ये स्वतः हाताने रिझोल्युशन २५६० बाय १४४० निवडलं, अल्ट्रा निवडलं, ओके केलं. पुन्हा सुरू केलं तर परत तीच खिडकी, तपासतो आहे, अल्ट्रा लावला आहे. आणि परत तेच फाटलेलं गाव. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

भावाला फोन केला. "ताई, गेम काढून परत टाक," म्हणाला. रात्रभर डाउनलोड लावून ठेवलं. सकाळी प्रेसला जायच्या आधी उघडून बघितलं: तपासतो आहे, अल्ट्रा, फाटलेलं गाव.

त्या दिवशी प्रेसमध्ये चार रंगांचं एक कॅलेंडर मशीनवर होतं आणि लाल रंग फिका येत होता. आमचे मशीनमन मामा तीस वर्षं या कामात आहेत. शाई वाढवायची की पाणी कमी करायचं की मशीनचं रबरी ब्लँकेट पुसायचं, असा प्रश्न असला की ते एकदम तिन्ही कधी करत नाहीत. त्यांचं वाक्य मला पाठ आहे: "एक स्क्रू फिरवायचा, एक कागद काढायचा, बघायचं. दोन स्क्रू एकदम फिरवलं की कशानं फरक पडला ते देवाला बी कळत न्हाई." त्या दिवशीही त्यांनी आधी फक्त पाणी कमी केलं, रद्दीतला कागद सोडला, उजेडात धरला. मी तिथे उभी राहून विचार केला की मी मात्र कार्ड, रॅम, एसएमपीएस, मॉनिटर, ड्रायव्हर हे पाच स्क्रू एका रात्रीत फिरवलेत आणि वर गेमही काढून टाकलाय. कार्ड बदलताना ते टाळता येण्यासारखं नव्हतं. पण आता पुढचं तरी एकेक करायचं. घरी येताना शंभर पानी वही घेतली.

वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहिला: लाँचर म्हणतो अल्ट्रा, पडद्यावर दिसत नाही. मधे कोण आहे?

मधे एक फाइल असते. स्कायरिमची सेटिंग गेमच्या फोल्डरमध्ये नसतात. ती असतात डॉक्युमेंट्स, त्यात माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन या फोल्डरमध्ये, आणि ग्राफिक्सचं बहुतेक सगळं 'स्कायरिमप्रेफ्स' नावाच्या आयएनआय फाइलमध्ये. गेम काढून टाकला तरी डॉक्युमेंट्सला कोणी हात लावत नाही. म्हणून रात्रभराच्या डाउनलोडचा उपयोग झाला नाही. गेम नवा आला, फाइल जुनीच राहिली.

नोटपॅडमध्ये ती उघडली. 'डिस्प्ले' या कंसातल्या मथळ्याखाली ओळी होत्या. रुंदी १६००, उंची ९००. सावल्यांच्या नकाशाचा आकार १०२४. आणि खाली एका ओळीत, अवतरणचिन्हांत, कार्डाचं नाव: जीटीएक्स ७५० टीआय. जुनं कार्ड काढून मी कपाटात, त्याच्याच डब्यात ठेवलं होतं, आणि इथे अजून त्याच्याच नावाने पत्र येत होतं. १६०० बाय ९०० म्हणजे १४ लाख ४० हजार ठिपके. नव्या पडद्यावर ३६ लाख ८६ हजार ४०० ठिपके आहेत. म्हणजे एकेका ठिपक्याला अडीच ठिपक्यांची जागा भरायची होती. जुना मॉनिटर १९२० बाय १०८०चा आणि लहान होता, त्यावर तेच चित्र खपून जायचं. नवा पडदा मोठा झाला तसं फाटलेलं दिसायला लागलं.

नोटपॅडमध्येच रुंदी बदलून सेव्ह करायला गेले तर होईना. फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज. 'रीड-ओन्ली'च्या चौकोनात बरोबरची खूण.

ती खूण माझीच होती. २०१९मध्ये ७५० टीआयवर गेम नीट चालावा म्हणून मी पंधरा दिवस एकेक आकडा घासून बसवला होता, गवत काढलं होतं, सावल्या जवळ आणल्या होत्या. लाँचरने ते पुसू नये म्हणून फाइलला कुलूप लावलं होतं. त्या कार्डासाठी ते योग्यच होतं, त्या कुलपामुळे मी पाच वर्षं सुखाने खेळले. पण आता लाँचर दर वेळी नवं कार्ड बघत होता, फाइलमधल्या नावाशी ते जुळत नव्हतं म्हणून नव्याने तपासत होता, अल्ट्रा ठरवत होता आणि लिहायला गेला की दार बंद. म्हणून ती खिडकी दर वेळी येत होती. एकदाच यायला हवी अशी सूचना रोज येत असेल तर ती लिहिली जात नाहीये, असं वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

खूण काढली. फाइल खोडली नाही, तिचं नाव बदलून पुढे 'जुनी' जोडलं. इथे एक कळकळीची सूचना: रागाच्या भरात तो अख्खा फोल्डर उडवू नका, कारण 'सेव्हज'ही त्याच फोल्डरमध्ये असतात. माझी सगळ्या वर्षांची पुस्तकं तिथे होती. आणि दुसरी: तुमच्या पीसीवर डॉक्युमेंट्सचा बॅकअप आपोआप क्लाउडवर जात असेल, तर डॉक्युमेंट्स नावाचे दोन फोल्डर असू शकतात आणि गेम त्यातला एकच वाचतो. माझ्याकडेही दोन निघाले. कुठला खरा ते कळायला सोपा उपाय म्हणजे गेममध्ये एकदा सेव्ह करायचं आणि कुठल्या फोल्डरमध्ये आजची वेळ पडली ते बघायचं.

लाँचरने नवी फाइल लिहिली. आत नाव आलं: आरटीएक्स ३०६०. त्या रात्री गाव पहिल्यांदा अखंड दिसलं.

दोन दिवस मी त्यातच होते. मग भावाने फोनवर विचारलं, "१४४ हर्ट्झ लावलंस ना?" मी म्हटलं, "मॉनिटर १४४चाच आहे की." "तसं नसतं ताई. विंडोजमध्ये बघ, ६०वरच असणार." डिस्प्लेच्या पुढच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर खरंच ६०. मॉनिटर कितीही वेगाचा असला तरी विंडोज अनेकदा ६०वर सुरू होतं आणि आपण जाऊन वाढवावं लागतं. वाढवायला गेले तर यादीत १४४ नव्हतंच, कारण मी जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल वापरत होते. मॉनिटरच्या खोक्यात तळाशी डिस्प्लेपोर्टची केबल होती. ती लावल्यावर १४४ आलं. माउसचा बाण पाण्यातून काढल्यासारखा सरसर फिरायला लागला. वहीत लिहिलं: केबल बदलली, ६०चे १४४ केले.

हे एक वाक्य लिहून ठेवलं नसतं तर पुढची भानगड मला कधीच उलगडली नसती.

स्कायरिम उघडलं. चित्र लोण्यासारखं मऊ. धावत व्हाइटरनला गेले, ब्रीझहोमचं दार उघडलं. आत पाय ठेवला आणि टेबलावरच्या ताटल्या उसळून छताला लागल्या. सुरई भिंतीवर आपटली. सफरचंदं जिन्यावरून खाली. कपाटाशेजारी रचलेली पुस्तकं एकमेकांना ढकलत खोलीभर पसरली, एक शेकोटीत पडलं. त्यानंतर सगळं शांत. आवाज फक्त लाकडं जळण्याचा. मला वाटलं घरात कोणीतरी शिरलंय, म्हणून मी तलवारसुद्धा काढली. कोणी नव्हतं.

बाहेर पडून परत आत गेले तर खाली पडलेल्या वस्तू पुन्हा थरथरल्या. खात्री करावी म्हणून नवा गेम सुरू केला. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, सुरुवातीला आपले हात बांधलेले असतात आणि घोडागाडीतून हेल्गेनला नेतात. ती गाडी रस्त्यावर चालेना. उड्या मारत, तिरकी होत, झाडांना धडकत ती निघाली. समोर बसलेला कैदी मात्र शांतपणे आपलं बोलत होता.

पहिला विचार आला तो कार्डाचा: भावाने दिलेलं कार्ड बिघडलेलं तर नाही? हे मनात आल्याचंही मला वाईट वाटलं. त्याला फोन न करता आधी वही उघडली. गेल्या वेळेपासून किती स्क्रू फिरले? एकच. ६०चे १४४.

तिथून उत्तर सापडायला अर्धा तास लागला. स्कायरिममधल्या वस्तूंचं पडणं, आपटणं, घरंगळणं याचा हिशोब पडद्यावर येणाऱ्या चित्रांशी बांधलेला आहे, आणि तो हिशोब सेकंदाला ६० चित्रं धरून चालतो. एका चित्राचा काळ ०.०१६६ सेकंद, म्हणजे एक भागिले साठ. चित्रं १४४ यायला लागली की हिशोब आणि वेळ यांची फारकत होते आणि एकमेकांना टेकून ठेवलेल्या वस्तूंना नको तितका धक्का बसतो. इतके दिवस हे झालं नाही कारण फाइलमध्ये व्ही-सिंकची ओळ १वर असते, म्हणजे मॉनिटर जितका तितकाच गेम. मॉनिटर ६०चा होता तोवर गेमही आपोआप ६०वर थांबत होता. ती मर्यादा गेमची नव्हती, माझ्या जुन्या पडद्याची होती. पडदा मोकळा केला आणि गेमही मोकळा सुटला.

यावर तीन मार्ग दिसले. एक, तो ०.०१६६चा आकडा हाताने बदलून १४४साठी ०.००६९ करायचा. पण गेमचा वेग सतत खालीवर होतो आणि मग तो ठरावीक आकडा पुन्हा चुकतो. दोन, वेगाप्रमाणे हा हिशोब जागच्या जागी सुधारणारे मॉड, म्हणजे गेमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लोकांनी बनवलेत. ते चांगले आहेत असं वापरणारे सांगतात, पण मला एवढ्यात नवा स्क्रू नको होता. तीन, ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फक्त स्कायरिमपुरती सेकंदाला जास्तीत जास्त ६० फ्रेमची, म्हणजे चित्रांची, मर्यादा घालायची. मी तिसरा घेतला.

मर्यादा घातल्यावर वस्तू स्थिर झाल्या, पण मान वळवताना चित्र बारीक हिसके खात होतं. वहीत १४४ला ६०ने भागलं. २.४. एक चित्र पडद्यावर दोनदा, पुढचं तीनदा, असं विषम वाटप होत होतं. आमच्याकडे पानांची घडी जुळत नसली की होतं तसं. मॉनिटर १२० हर्ट्झवर आणला. १२० भागिले ६० बरोबर २, प्रत्येक चित्र दोनदा. हिसके गेले. रोजच्या कामाला १२० आणि १४४मधला फरक मला दिसत नाही, त्यामुळे तो १२०वरच ठेवला आहे.

याच मोकळ्या सुटलेल्या रात्री आणखी एक झालं होतं. लाइट एकदा लुकलुकली, सांगलीत त्यात नवल नाही, आणि यूपीएसने टीं करून पीसी बंद केला. आधी असं झालं की तो दहा मिनिटं सहज सांभाळायचा. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटचा. तो जुन्या कार्डाच्या हिशोबाने घेतलेला. १४४ फ्रेम काढताना नवं कार्ड एकटं १६० वॅटच्या आसपास ओढत होतं, वर प्रोसेसर आणि मोठा मॉनिटर. ६०ची मर्यादा घातल्यावर कार्ड ८० ते ९० वॅटवर आलं, पंख्याचा आवाजही थांबला. तरी पुढच्या महिन्यात ११०० व्हीएचा यूपीएस घेतला. कार्ड बदलताना एसएमपीएसचा विचार सगळे सांगतात, यूपीएसचा कोणी सांगत नाही. आपल्याकडे तो सांगायला हवा.

शेवटची अडचण बाजाराची. व्हाइटरनच्या बाजारात उभं राहिलं की फ्रेम ४५ला घसरायच्या. मोकळ्या माळावर मात्र पक्क्या ६०. मी सावल्या कमी केल्या, थोडा फरक पडला, पण समाधान होईना. आकडे दाखवणारी पट्टी लावून बघितलं तर बाजारात कार्डाचा वापर ४० टक्क्यांच्या आत. म्हणजे कार्ड रिकामं बसून वाट बघत होतं, आणि त्याला काम पुरवणारं कोणीतरी मागे पडत होतं. प्रोसेसर माझा रायझन ५ २६००, सहा कोरचा, नवा नाही पण इतका दुबळाही नाही. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं. रॅमच्या डब्यावर ३२०० छापलंय, इथे २४००. आणि पीसीची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये चॅनेलसमोर 'सिंगल'.

माळ्यावरून मदरबोर्डचं पुस्तक काढलं. त्यात चित्रच आहे: दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मी त्या शेजारी शेजारी लावल्या होत्या, पहिल्या आणि दुसऱ्या, कारण तशा त्या नीटस दिसत होत्या. शेजारच्या दोन खाचा एकाच वाटेवर येतात, म्हणून दोन रॅम असून रस्ता एकच होता. आधी फक्त खाच बदलली. बाजार ४५वरून ५२. दुसऱ्या रात्री बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम छापलेल्या वेगाने चालवायची सोय, चालू केलं, ३२०० न ठेवता २९३३ निवडलं, कारण या प्रोसेसरला अधिकृतपणे तेवढंच चालतं आणि मला स्थिरपणा हवा होता. बाजार ६०, कोंबड्या पळत असल्या तर ५८. सावल्या परत वाढवल्या. त्याने काही फरक पडला नाही, तेव्हा पहिला संशय चुकीचा होता असं लिहून तो खोडला.

भावाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढं तर मीसुद्धा बघितलं नसतं." मी त्याला वहीच्या पानांचे फोटो पाठवले. प्रेसमध्ये मामांनाही सांगितलं. स्कायरिम म्हणजे काय हे त्यांना समजावता आलं नाही, पण १४४ला ६०ने भाग जात नाही म्हणून चित्र हिसके खातं हे त्यांना पटकन पटलं. "मग, रजिस्टर जुळायलाच पायजे की," म्हणाले. छपाईत रंग एकावर एक नेमके बसणं म्हणजे रजिस्टर.

राहिलं होतं ते घर. स्फोट झाल्यावर गेमने आपोआप सेव्ह केलं होतं, आणि पडलेल्या वस्तू जिथे पडल्या तिथेच राहतात. आधीचं सेव्ह उघडता आलं असतं, पण त्यात चार दिवसांची भटकंती गेली असती. ती मला सोडवेना. दोन संध्याकाळी मी ब्रीझहोममध्ये पुस्तकं उचलत बसले. एकेक पुस्तक उचलताना त्याची चामड्याची पाठ, कोपऱ्याला झिजलेला रंग पहिल्यांदाच इतका जवळून दिसत होता. ७५० टीआयवर ती सगळी तपकिरी विटांसारखी दिसायची. आता त्यांच्यावर खिडकीतला उजेड पडत होता आणि त्यात धूळ तरंगत होती. शेकोटीत पडलेलं पुस्तकही सापडलं, त्याला काही झालं नव्हतं.

टेबलावर ताटल्या मांडल्या. सुरई मधोमध ठेवली. तीन सफरचंदं मिळाली, चौथं कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. मग दार ओढून बाहेर आले, रिफ्टनकडे जायला निघाले. तिथे झाडं कायम शरदातली असतात, पिवळी, आणि ती मला नव्या कार्डावर बघायची होती. दोन तास चालले. परत आले तेव्हा व्हाइटरनमध्ये रात्र झाली होती. दाराशी थोडं थांबले, मग उघडलं.

ताटल्या टेबलावर होत्या.